ज्यांचा केसपेपर निघत नाही

(रुग्णसेवेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या सत्रासाठी मला 'कर्करोग आणि कुटुंब' हा विषय देण्यात आला आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि सारे आयुष्य वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेले. त्यामुळे हा रोग शरीरात कसा वाढतो, कोणते औषध त्यावर कसे काम करते, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. ते काम तज्ज्ञांनी सकाळच्या सत्रात उत्तम प्रकारे केले आहे. मी बोलणार आहे ते रुग्णाच्या खाटेशेजारी जे लोखंडी स्टूल असते, त्यावर बसलेल्या माणसाविषयी.

रुग्णालयात रुग्ण येतो तेव्हा त्याच्या नावाचा केसपेपर निघतो. वय, वजन, रक्तगट, साखर, रक्तदाब, सारे त्यावर लिहिले जाते. परंतु त्याच दिवशी, त्याच दारातून, त्याच्याबरोबर एक अख्खे कुटुंबही आत आलेले असते. त्या कुटुंबाचा केसपेपर निघत नाही. त्याची झोप, त्याची भूक, त्याचे कर्ज, त्याच्या घरी एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी, यांची नोंद कोठेच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने गेली. हा आकडा ऐकताना आपण १४ लाख माणसे डोळ्यांसमोर आणतो. वस्तुतः ती १४ लाख घरे असतात. आपले सेवाकार्य त्या घरांपर्यंत पोहोचते का, हा आजचा माझा प्रश्न आहे.

एका घराच्या दुःखातून

आपल्या देशातील कर्करोग उपचारांचा इतिहासच मुळी एका कुटुंबाच्या दुःखापासून सुरू होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली परदेशात, वेल्समध्ये, त्यांचे निधन झाले. घरात संपत्तीला काही तोटा नव्हता. पण जे उपचार मिळवायचे ते सातासमुद्रापार जाऊनच, अशी तेव्हाची स्थिती होती. अशी सोय आपल्या देशात व्हावी, ही इच्छा दोराबजींच्या मनात रुजली. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने ते काम पुढे नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे त्या परिसरातील पदपथांवर दिसतात. आसामचा चहामळ्यातील मजूर, बिहारचा शेतकरी, आपल्या मराठवाड्यातील ऊसतोड कामगार, सारे एकाच रांगेत उभे असतात. दुःखाने माणूस खचतो, हे खरेच. पण दुःखातून संस्थाही उभी राहते, हे त्या वास्तूने आपल्याला शिकविले आहे.

आता मी एका साध्या, मध्यमवर्गीय घराकडे येतो. ते घर माझेच आहे, म्हणून अधिकाराने सांगू शकतो.

"रिपोर्ट माझा आहे"

माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, आमच्या वहिनी, सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवीत. दादा तेथील सहकारी बँकेत नोकरीला. २०१४ साली वहिनींना छातीत गाठ जाणवली. ज्या डॉक्टरांना प्रथम दाखविले त्यांनी 'या वयात असे होते' म्हणून गोळ्या दिल्या आणि त्यात चार महिने गेले. गाठ वाढली तेव्हा सोलापुरात बायोप्सी झाली आणि निदान हाती आले.

त्या संध्याकाळी घरात वडीलधारी मंडळी जमली. वहिनी चहा करायला आत गेल्याचे पाहून ओसरीवर हलक्या आवाजात ठरू लागले की, त्यांना 'साधी गाठ आहे, काढली की झाले' एवढेच सांगायचे. हेतू चांगलाच होता. आपल्याकडे घरोघरी असेच ठरते. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, तो त्यांनी खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्ट माझा आहे. मी तो दुपारीच वाचला. आता पुढचं काय ते ठरवू या. आणि भाऊजी, फाइल माझ्याजवळ राहील."

त्या क्षणापासून आमच्या घरातील कुजबुज थांबली. पुढच्या पाच वर्षांत जे काही निभावले गेले, ते त्या एका वाक्यामुळे, असे मला वाटते.

बंधू-भगिनींनो, रुग्णापासून निदान लपविण्याची आपली रीत प्रेमातून आलेली आहे, यात शंका नाही. परंतु तिचा परिणाम काय होतो, हे पाहावे. रुग्णाला सर्व कळतच असते. ज्या रुग्णालयाच्या पाटीवर रोगाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, त्या दारातून त्याला आत नेताना आपण त्याला 'साधी गाठ' म्हणत असतो. मग तो आपल्याला फसवू देतो आणि आपण त्याला. एकाच खोलीत दोन एकटी माणसे बसून राहतात. त्याला काही विचारायचे असते, विचारता येत नाही. मुलीच्या लग्नाचे, जमिनीच्या सातबाऱ्याचे, बँकेतील वारसाचे बोलायचे असते, बोलता येत नाही. सांगताना शब्द मृदू असावेत, वेळ पाहावी, डॉक्टरांची मदत घ्यावी, आणि जितके रुग्णाला जाणून घ्यायचे आहे तितकेच सांगावे. पण त्याच्या शरीराविषयीचा निर्णय त्याला चहा करायला पाठवून घेऊ नये.

स्टुलावरचा माणूस

उपचारांसाठी वहिनी आणि दादा मुंबईला आले आणि आमच्याकडे डोंबिवलीला राहिले. आठ केमो, दर एकवीस दिवसांनी एक. मग शस्त्रक्रिया. मग तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, असे पंधरा वेळा रेडिएशन. मध्ये पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून दोनदा तारीख पुढे गेली. असे एकंदर दहा महिने. वहिनींनी गणिताच्या शिक्षिकेला शोभेल अशा पद्धतीने भिंतीवरच्या कालनिर्णयावर या साऱ्या तारखांना गोल करून ठेवले होते.

मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो. त्या डब्यात गेलात तर तुम्हाला दिसेल की, डोक्याला रुमाल बांधलेल्या प्रत्येक रुग्णाशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल घेतलेले एक माणूस असते. त्या माणसाकडे कोणी पाहत नाही. आमचे दादा त्यांपैकी एक. पहाटे चारला उठणे, पहिल्या गाड्यांपैकी एक पकडणे, रांगेत नंबर लावणे, रक्त तपासायला देणे, रिपोर्टसाठी थांबणे, तो घेऊन डॉक्टरांकडे जाणे, औषधे आणणे, मग दिवसभर सलाइनच्या थेंबांकडे पाहत बसणे. दादांना स्वतःला मधुमेह. गोळी घ्यायची आणि खायला वेळ नाही, असे रोजचेच झाले होते.

तिसऱ्या की चौथ्या केमोच्या दिवशी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. वॉर्डातील सिस्टरच्या ते लक्षात आले. तिने ग्लासभर साखरेचे पाणी करून त्यांना पाजले. पाच-सात मिनिटांनी ते सावरले तेव्हा ती केरळी वळणाच्या मराठीत त्यांना म्हणाली, "बाबा, पेशंटचा डबा तुमी रोज आणता. तुमचा डबा कुटे हाय?"

दहा महिन्यांच्या त्या उपचारांत दादांची चौकशी करणारे रुग्णालयातील ते पहिले वाक्य होते. आणि ते विचारणाऱ्या सिस्टरच्या वाट्याला त्या दिवशी किती खाटा होत्या, हे मी मोजले होते. त्या वीसपेक्षा कमी नव्हत्या.

रुग्णालयाविषयी बोलताना न्यायाने बोलले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एका तरुण डॉक्टरने व्हरांड्यात उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात, 'पूर्ण स्तन काढावा लागेल, इथे सही करा' असे सांगून कागद दादांच्या हातात दिला होता. एका स्त्रीच्या आयुष्यातील एवढी मोठी गोष्ट व्हरांड्यात सांगितली जावी, याचे शल्य आम्हा सर्वांना आहे. वहिनींनी तो कागद दादांच्या हातातून घेतला, बाकावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, दोन प्रश्न विचारले आणि मग स्वतः सही केली. तो डॉक्टरही खजील झाला आणि त्याने नीट थांबून उत्तरे दिली. पण त्याच डॉक्टरच्या टेबलावरचा फाइलींचा ढीग सकाळी नऊला जेवढा होता, तेवढाच दुपारी तीनलाही मी पाहिला आहे. वैद्यकशास्त्र त्याच्याकडे होते, वेळ नव्हता. तो वेळ कोणी द्यायचा? बिल भरल्यावर मिळणाऱ्या पावतीत तो नसतो. तो समाजाने द्यायचा असतो, आणि येथेच आपले काम सुरू होते.

धर्मशाळेची परंपरा

आपल्या परंपरेला हे नवे नाही. यात्रेकरूला रात्रीचा आसरा मिळावा म्हणून संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र कधी त्यांच्या आढ्याखाली मालकी सांगून राहिले नाहीत. आजचा मोठा यात्रेकरू म्हणजे रुग्ण आणि त्याच्यासोबतचे माणूस. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज कर्करुग्ण आणि त्यांचे आप्त राहतात. बाबांच्या कार्याचे यापेक्षा उचित स्मारक कोणते असेल?

संघाचे प्रचारक आणि डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार नाना पालकर यांच्या निधनानंतर १९६८ साली त्यांच्या नावाने मुंबईत स्मृती समिती स्थापन झाली. परळच्या रुग्णसेवा सदनात बाहेरगावाहून आलेल्या रुग्णाची आणि त्याच्या सोबत्याची राहण्याची सोय होते. सोबत्याची, हा शब्द लक्षात घ्यावा. ज्याचा केसपेपर निघत नाही त्याच्यासाठीही तेथे गादी आहे. लातूरला डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली विवेकानंद रुग्णालय सुरू केले, ते महानगरात मिळणारी कीर्ती बाजूला सारून. तेथे आज कर्करोगावरही उपचार होतात. नागपूरला डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी केली; २७ एप्रिल २०२३ रोजी तिचे लोकार्पण झाले. उपचार घराजवळ आले की अर्धे ओझे उतरते, हे ज्यांनी लोकलचा तो डबा पाहिला आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु इमारती उभारणे हे काही थोड्यांचे काम आहे. आपण येथे जमलेले बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळचा एखादा तास देऊ शकणारे आहोत. आपण काय करू शकतो?

संध्याकाळचा एक तास

पहिली गोष्ट, दुसरा कान व्हावे. डॉक्टरांसमोर बसलेले कुटुंब भीतीने बधिर झालेले असते. सांगितलेल्यातले निम्मे त्याला ऐकू येत नाही. आदल्या दिवशी त्या घरी जाऊन प्रश्न कागदावर लिहून द्यावेत. रोग कोणत्या टप्प्यात आहे, उपचारांचा उद्देश रोग बरा करणे हा आहे की आटोक्यात ठेवणे हा, एकूण किती दिवस, किती खर्च, ताप आला तर रात्री कोणाला फोन करायचा. शक्य तर सोबत जावे, उत्तरे लिहून घ्यावीत, निर्णय मात्र त्यांचा त्यांना घेऊ द्यावा.

दुसरी गोष्ट, योजनांची माहिती पाठ असावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमध्ये आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे; अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, तेथे उपचार सुरू होण्यापूर्वी जायचे असते, बिल झाल्यावर नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री टायरला पूर्ण भाडेमाफी आहे, सोबत्याला तीन चतुर्थांश सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांची खोली असते. कितीतरी घरांनी दागिने विकून झाल्यावर त्या खोलीचा पत्ता विचारला आहे. तो पत्ता त्यांना आधी सांगणे, एवढीच सेवा एखादे घर वाचवू शकते.

तिसरी गोष्ट, डबा. आणि तो सोबत्याचा. रुग्णाला काय चालते, काय नाही, हे डॉक्टर सांगतील. पण स्टुलावरच्या माणसाला भाकरी-भाजी चालते, एवढे आपल्याला ठाऊक आहे. आठवड्यातून एक रात्र त्याच्या जागी आपण बसावे आणि त्याला घरी झोपायला पाठवावे. मागे राहिलेल्या घरातील म्हातारीची औषधे, दहावीतल्या मुलाची शिकवणी, उसाला पाणी देण्याची पाळी, हेही कर्करोगाच्या उपचारांचेच भाग आहेत.

चौथी गोष्ट, रक्त. शिबिरे आपण उत्साहाने घेतो. केमोच्या काळात प्लेटलेट अचानक कमी होतात आणि दाते काही तासांत लागतात. आपल्या वस्तीतील वीस निरोगी तरुणांची नावे रक्तगटांसह एका वहीत असतील, तर एखाद्या बापाला रात्री अकरा वाजता रस्त्यावर हात जोडावे लागणार नाहीत.

आता काही गोष्टी न करण्याच्या. केमोच्या दिवसांत रुग्णाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. तेव्हा घोळक्याने भेटायला जाऊ नये. 'आमच्या शेजाऱ्यांनाही हेच झाले होते, ते गेले' ही कथा सांगू नये. 'मागच्या जन्मीचे भोग' हा शब्द तर उच्चारूच नये. कर्मसिद्धान्त माणसाला कर्तव्यासाठी उभे करण्याकरिता आहे, खाटेवर पडलेल्याला आरोपी करण्याकरिता नाही. आणि एक गोष्ट मी मुद्दाम, आपल्याच माणसांत बसून, स्पष्टपणे बोलतो. आयुर्वेदाविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु कोण्या गावच्या पुडीसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगणारा माणूस आयुर्वेदाचा भक्त नव्हे, तो रुग्णाचे आयुष्य पणाला लावतो आहे. वैद्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण चालू उपचार न थांबवता आणि डॉक्टरांना सांगून. अशा पुड्यांवर वेळ घालवून, बरा होण्याजोगा रोग हाताबाहेर गेल्यावर आलेली माणसे मी वार्ताहर म्हणून पाहिली आहेत. व्हॉट्सअपवर आलेला उपाय पुढे पाठविण्यापूर्वी ती आठवावीत.

आणखी एक दुखरी गोष्ट आहे. घरच्या पुरुषाला कर्करोग झाला की शेत विकून उपचार होतात; सुनेला झाला की तिची माहेरी रवानगी होते, अशीही घरे आपल्या समाजात आहेत. कुटुंबसंस्थेचा अभिमान आपण व्यासपीठावरून सांगतो. त्या अभिमानाची परीक्षा सुनेच्या आजारपणात होते. जेथे असे घडताना दिसेल तेथे आपल्या भगिनींनी त्या उंबऱ्यावर जाऊन बसावे. आणि आजार येण्यापूर्वीच्या कामातही त्यांचाच वाटा मोठा आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन बायकांशी बोलण्याच्या कामामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढल्याचे तेथे दिसून आले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. दारात जाऊन, संकोच मोडून, बोलणारे माणूस लागले.

शेवटचे आठ महिने

वहिनी बऱ्या होऊन पुन्हा शाळेत रुजू झाल्या. तीन वर्षे त्यांनी शिकविले. २०१८ साली पाठ दुखू लागली आणि रोग हाडांत उतरल्याचे कळले. या वेळी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून, पाणी देऊन, सविस्तर सांगितले. वहिनींनी विचारले, "आता औषध बरं करण्यासाठी की बरं वाटण्यासाठी?" डॉक्टर म्हणाले, "बरं वाटण्यासाठी." "मग ते घरीच घेईन," असे म्हणून त्या गावी परतल्या.

असह्य वेदना हा कर्करोगाचा अटळ भाग आहे, असे आपण समजतो. तसे नाही. मॉर्फिनची साधी गोळी योग्य मात्रेत, घड्याळ लावून दिली तर बहुतेकांच्या वेदना आटोक्यात राहतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक तरतुदींमुळे हे औषध देशात वर्षानुवर्षे रुग्णांपर्यंत पोहोचत नव्हते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट काहीशी मोकळी झाली. तरी तालुक्याच्या गावी ते सहज मिळत नाही. आमचा पुतण्या दर पंधरवड्याला पुण्याहून ते घेऊन येई. वेदना थांबल्यामुळेच वहिनी शेवटपर्यंत अंगणातल्या खुर्चीवर बसून आसपासच्या मुलांना गणिते घालू शकल्या.

अशा काळासाठी वेगळ्या सेवेची गरज असते. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले, ते देशातील या प्रकारचे पहिले. केरळात १९९३ साली कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातून वेदनाशमन सेवेची चळवळ सुरू झाली आणि ती तेथील गल्लीबोळांत पोहोचली. शेजारचे दुकानदार, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी थोडे प्रशिक्षण घेतात आणि आपल्या वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे नियमाने जातात. परिचारिका जखम धुते, औषध देते. बाकी सारे शेजारी पाहतात. २००८ साली त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरणच आखले. मला हे समजले तेव्हा वाटले, घरोघरी नियमाने जाणे, वस्तीची माहिती ठेवणे, बोलावल्याशिवाय हजर होणे, ही तर आपलीच कार्यपद्धती. महाराष्ट्रातील प्रत्येक नगरात संपर्काचे एवढे मोठे जाळे आपल्याकडे असताना त्याचा उपयोग शेवटच्या खाटेपर्यंत का होऊ नये?

२०१९ च्या वैशाखात वहिनी गेल्या. घरी, सर्वांसमक्ष. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते, चौदाव्या दिवशी ते रिकामे झाले. पुढे महिन्याभराने पुतण्याच्या लक्षात आले की दादा चालताना पाय ओढतात. मोजा काढला तर तळव्याला रुपयाएवढी जखम. किती दिवसांची, हे त्यांनाही सांगता येईना. मधुमेहामुळे ती जाणवलीच नव्हती. साखर साडेतीनशेच्या वर. पाच वर्षे दुसऱ्याच्या फाइली सांभाळणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या तपासणीचा शेवटचा कागद २०१३ सालचा निघाला. पाय वाचला, दोन बोटे गेली.

म्हणून माझी आपणा सर्वांना एक विनंती आहे, आणि ती अगदी लहान आहे. आपल्या वस्तीत, आपल्या शाखेच्या परिसरात, या आजाराची किती घरे आहेत याची एक वही करावी. रुग्णाच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत त्याला सांभाळणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. त्याचे वय, त्याचा रक्तदाब, त्याची साखर, त्याचे शेवटचे जेवण घरी कधी झाले, हेही लिहावे. रुग्ण बरा झाला तरी त्या दुसऱ्या ओळीकडे वर्षभर लक्ष ठेवावे. रुग्ण गेला तर अधिकच ठेवावे. चौदाव्या दिवशी त्या दारात आपल्यापैकी कोणीतरी उभे असावे, ही जबाबदारी वाटून घ्यावी.

रुग्णालय रुग्णाचा केसपेपर काढते. दुसऱ्या ओळीतल्या माणसाचा केसपेपर समाजाने काढावयाचा आहे, आणि त्याला शुल्क लागत नाही. आज सायंकाळी घरी परतताना आपापल्या गटांत बसून पहिली पाच नावे लिहूनच उठावे, एवढे सांगतो आणि आपली रजा घेतो.